आकाशाची इंग्रजी आणि घरची मराठी

आपल्या ग्वाल्हेरातील मराठी घरांतून अलीकडे एक युक्तिवाद वारंवार ऐकू येतो, आणि तो इतक्या सोज्ज्वळ चेहऱ्याने मांडला जातो की त्याचा प्रतिवाद करणारा आपोआपच प्रगतीचा शत्रू ठरतो. युक्तिवाद असा : "विमान चालवणाऱ्यालासुद्धा आकाशात इंग्रजीतच बोलावे लागते. मग जमिनीवरच्या मुलांवर मराठीचे ओझे कशाला? घरातही इंग्रजी बोला. ते जमत नसेल तर निदान हिंदी बोला. मराठी काय, यायची तेव्हा येईल." हे म्हणणारे कोणी परके नाहीत. दौलतराव शिंद्यांनी १८१० साली येथे तळ दिला आणि लष्कर वसले, तेव्हापासून ज्यांची घरे येथे नांदत आहेत, ज्यांच्या माळ्यावर मोडी कागदांची गाठोडी अद्याप पडून आहेत, अशा कुटुंबांतील सुशिक्षित आणि सुस्थित आईबाप हे बोलतात. म्हणूनच त्याची दखल घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

दाखला विमानाचा द्यावा, हे या शहरात स्वाभाविकच आहे. १९३८ च्या सुमारास इम्पीरियल एअरवेजच्या उडत्या नौका कराचीहून कलकत्त्याकडे जाताना ग्वाल्हेरास थांबत आणि जलाशयावर उतरत. १९८५ पासून महाराजपुराच्या तळावर मिराज विमाने आहेत आणि त्यांचा गडगडाट मुरारच्या घराघरांतील भांड्यांना ठाऊक आहे. १० मार्च २०२४ रोजी येथील नव्या नागरी टर्मिनलचे उद्घाटन झाले. नागरी उड्डाण खात्याला या शहराने दोन केंद्रीय मंत्री दिले : माधवराव शिंदे १९९१ ते १९९३ आणि ज्योतिरादित्य शिंदे २०२१ ते २०२४. असे असताना येथील मुलामुलींनी वैमानिक होण्याची स्वप्ने पाहावीत यात नवल नाही, आणि आमचा त्यास आशीर्वादच आहे. प्रश्न एवढाच की त्या स्वप्नाच्या नावाने घरची भाषा बळी देण्याची गरज आहे काय?

आम्ही वैमानिक नव्हे. आमची उमेद राज्य शासनाच्या सेवेत, फायलींच्या आणि परिपत्रकांच्या सहवासात गेली. परंतु त्या सेवेने एक सवय लावली : कोणी 'नियमच तसा आहे' असे म्हटले की नियम मागवून वाचायचा. विमानविद्येच्या बाबतीत आम्ही तेच केले. आणि आमचे स्पष्ट मत झाले आहे की आकाशातील बोलण्याचे नियम आमच्या या मित्रांच्या बाजूने साक्ष देत नाहीत. ते त्यांच्या विरुद्ध साक्ष देतात.

प्रथम, ही आकाशाची इंग्रजी म्हणजे काय ते पाहू. वैमानिक आणि नियंत्रण कक्ष यांच्यात रेडिओवर जे बोलणे होते, त्यात कोणास हाक, कोणाची हाक, किती उंची, कोणती दिशा, कोणती वारंवारिता, कोणती धावपट्टी, यांखेरीज फारसे काही नसते. प्रत्येक शब्दाला एकच अर्थ नेमून दिलेला असतो. 'रॉजर' म्हणजे तुमचा संदेश संपूर्ण मिळाला, इतकेच. त्याचा अर्थ 'होय' असा नाही आणि 'मान्य' असाही नाही. सांगितलेले समजले व तसे करतो, असे म्हणायचे असेल तर 'विल्को' हा वेगळा शब्द आहे. 'स्टँडबाय' म्हणजे थांबा, मी सांगतो. त्यातून परवानगीही निघत नाही आणि नकारही निघत नाही. आकडे सुटे सुटे उच्चारायचे : 'फ्लाइट लेव्हल वन फोर झीरो'. तिनाला 'ट्री' म्हणायचे, चाराला 'फोवर', पाचाला 'फाइफ', नवाला 'नाइनर' आणि हजाराला 'टाउजंड'. लंडनच्या एखाद्या दिवाणखान्यात कोणी असे इंग्रजी बोलू लागला तर यजमान त्यास वैद्याकडे पाठवतील! ही शेक्सपिअरची भाषा नव्हे, आणि आपल्या कॉन्व्हेंट शाळेच्या स्नेहसंमेलनातली तर नव्हेच. काही शे शब्दांची, कामापुरती घडवलेली ती एक परिभाषा आहे.

आणि ती घडवताना वाकले कोण? इंग्रजाची जीभ वाकली. अल्फा, ब्राव्हो, चार्ली ही वर्णमाला १९५६ साली लागू झाली, ती निरनिराळ्या भाषांच्या लोकांना ऐकवून, त्यांच्या कानांची परीक्षा घेऊन. त्यातील 'अल्फा' हा शब्द इंग्रजी कोशातल्याप्रमाणे पी-एच या अक्षरांनी न लिहिता एफ या अक्षराने लिहितात, कारण पी-एच म्हणजे 'फ' हे सर्वांना ठाऊक असेलच असे नाही. 'ज्युलिएट'च्या शेवटी टी दोनदा लिहितात, कारण एकच असता तर फ्रेंच मनुष्य तो गिळून टाकील. संकटात तीन वेळा उच्चारायचा 'मेडे' हा शब्द तर मुळात 'मला मदत करा' या अर्थाच्या फ्रेंच शब्दांवरून आला. १९२० च्या दशकाच्या आरंभी लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावर बरीच ये-जा पॅरिसची होती. दोन्ही तीरांच्या माणसांना कळेल असा शब्द हवा होता, म्हणून तो शोधला गेला. जी भाषा स्वतःच दुसऱ्यांच्या कानांसाठी आपले लिहिणे आणि उच्चारणे सोडून देते, तिचा हवाला देऊन आपण आपल्या मुलांच्या जिभेवरून मराठी पुसायची, याला काय म्हणावे?

आता परीक्षेचा नियम पाहू. आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेने २००३ साली भाषेच्या प्रावीण्याच्या अटी स्वीकारल्या. त्या २००८ पासून लागू झाल्या आणि ज्या देशांची तयारी नव्हती त्यांना २०११ पर्यंत मुदत मिळाली. प्रावीण्याच्या सहा पायऱ्या आहेत. आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी चौथी पायरी पुरेशी असते, मात्र तिची परीक्षा दर तीन वर्षांनी पुन्हा द्यावी लागते. पाचवीची दर सहा वर्षांनी. सहावी गाठली की पुन्हा नाही. या सर्वांत उंच सहाव्या पायरीवर उच्चाराविषयी नियम काय म्हणतो, ते आमच्या मित्रांनी अवश्य वाचावे. त्याचा आशय असा की, उच्चारावर मातृभाषेचा किंवा प्रांताचा ठसा असला तरी चालेल. मात्र त्यामुळे समजण्यात जवळपास कधीच अडथळा येता कामा नये. म्हणजे ज्या शिखराकडे बोट दाखवून घरातली मराठी बंद केली जाते, त्या शिखरावर मराठी वळणाच्या उच्चाराला बंदी नाही. बंदी आहे ती अस्पष्टपणाला.

येथे आमचे प्रतिपक्षी एक भयंकर दाखला काढतील, आणि तो टाळण्याचा आमचा विचार नाही. १२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी हरियाणात चरखी दादरीच्या आकाशात दोन विमानांची टक्कर झाली. सौदी अरेबियाचे बोइंग ७४७ दिल्लीहून धाहरानकडे निघाले होते. कझाकस्तानचे इल्यूशिन ७६ शिमकेंतहून दिल्लीस उतरत होते. सौदी विमानाला १४,००० फुटांपर्यंत चढण्याची परवानगी होती, कझाक विमानाला १५,००० फुटांपर्यंतच उतरण्याची. मध्ये हजार फूट अंतर राहावयाचे होते. ते राहिले नाही. दोन्ही विमानांतील सर्वच्या सर्व ३४९ माणसे मेली. आकाशातल्या टकरीत इतकी माणसे त्यापूर्वी कधी मेली नव्हती, आणि त्यानंतरही मेलेली नाहीत.

चौकशी आयोगाचे काम आपल्या गुन्याचे, म्हणजे जुन्या ग्वाल्हेर संस्थानातलेच, न्यायमूर्ती रमेशचंद्र लाहोटी यांच्याकडे आले. ते तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयात होते. पुढे २००४ साली भारताचे सरन्यायाधीश झाले. आयोगाचा निष्कर्ष असा की कझाक विमान नेमून दिलेली उंची सोडून विनापरवानगी खाली आले, आणि त्याच्या मुळाशी वैमानिकांचे इंग्रजीचे अपुरे ज्ञान होते. नियंत्रकाने समोरून येणाऱ्या विमानाची सूचना दिली होती. किती मैलांवर, किती उंचीवर, हेही सांगितले होते. परंतु कझाक विमानात रेडिओवर बोलणारा कर्मचारी वेगळा होता. तो वैमानिकांच्या मागे बसे आणि उंची दाखवणारे यंत्र त्याच्या स्वतःच्या समोर नव्हते. कानांत इंग्रजी, कक्षातले आपसातले बोलणे रशियन, आणि उंचीचा आकडा पाहायचा तर दुसऱ्याच्या खांद्यावरून. दुसऱ्या विमानाची म्हणून सांगितलेली उंची आपल्यालाच दिलेली आज्ञा वाटावी, इतकी ही रचना ठिसूळ होती.

"पाहा, इंग्रजी आली नाही म्हणून माणसे मेली," असे आमचे मित्र म्हणतील. आम्ही म्हणतो, होय. आणि म्हणूनच ज्याला विमान चालवायचे त्याला इंग्रजी उत्तम आलीच पाहिजे. याबाबत आमचा तिळमात्र वाद नाही. परंतु ते वैमानिक आपापल्या घरी कोणती भाषा बोलत होते, म्हणून माणसे मेली काय? त्यांची इंग्रजी अर्धी होती, आणि अर्धी असूनही ती पूर्ण असल्यासारखे काम चालले होते, म्हणून माणसे मेली. शिवाय दोष केवळ भाषेच्या पदरात टाकून मोकळे होता येत नाही. दिल्लीस तेव्हा येणाऱ्या व जाणाऱ्या नागरी विमानांना मार्ग एकच होता, आणि नियंत्रकासमोरच्या रडारवर विमानाची जागा दिसे पण उंची दिसत नसे. या अपघातानंतर येण्याजाण्याचे मार्ग वेगळे झाले, उंची दाखवणारी रडारे कामास लागली, आणि टक्कर टाळणारे यंत्र विमानात बसवणे भारताने सक्तीचे केले. यांपैकी एकाही उपायात कोणाच्या आईची भाषा बदलण्याची सूचना नव्हती.

उलट इंग्रजी चांगली येत असतानाही केवढा अनर्थ होतो, याचा दाखला त्याहून जुना आहे. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या तेनेरिफे बेटावर, धुक्यात, एकाच धावपट्टीवर दोन जंबो विमाने आदळली आणि ५८३ माणसे मेली. डच विमानाचा कप्तान त्या कंपनीतील ज्येष्ठ प्रशिक्षक होता. इंग्रजी त्यांना येत होती. परंतु डच विमानातून 'आम्ही आता टेक-ऑफला' अशा अर्थाचे एक संदिग्ध वाक्य गेले. त्यास नियंत्रकाने आधी 'ओके' म्हटले, आणि मग थांबण्यास सांगितले. त्याच क्षणी दुसऱ्या विमानानेही बोलण्यास आरंभ केला, आणि दोन आवाज एकमेकांत मिसळून डच विमानात केवळ कर्कश शिटी ऐकू गेली. 'ओके'! आपल्या घरांतून दिवसाकाठी शंभर वेळा उच्चारला जाणारा, आधुनिकतेची खूण समजला जाणारा हा शब्द. त्यानंतर नियम कडक झाले. 'टेक-ऑफ' हा शब्द केवळ प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करताना वापरायचा. एरवी 'डिपार्चर' म्हणायचे. आणि महत्त्वाची प्रत्येक आज्ञा ऐकणाऱ्याने शब्दशः परत म्हणून दाखवायची. 'ओके' म्हणून भागत नाही.

तिसरा दाखला २५ जानेवारी १९९० चा. कोलंबियाचे एक विमान न्यूयॉर्कच्या आकाशात दीर्घकाळ ताटकळत राहिले आणि इंधन संपून लाँग आयलंडवर कोसळले. विमानातील १५८ पैकी ७३ माणसे मेली. त्यांनी 'आम्हांला प्राधान्य द्या' म्हटले होते, इंधन संपत आल्याचेही सांगितले होते. परंतु 'इमर्जन्सी' किंवा 'मेडे' हा नेमका शब्द रेडिओवर एकदाही उच्चारला गेला नाही. ज्या शब्दाने ऐकणारा खुर्चीतून उठून उभा राहतो तो शब्द न बोलता, त्याच्या आसपासचे शब्द बोलले गेले. आम्ही या तिन्ही अपघातांतून एकच बोध घेतो. भाषा कोणती, एवढ्यावर सुरक्षितता अवलंबून नसते. ती पूर्ण आहे की अर्धी, नेमकी आहे की मोघम, आणि ऐकणाऱ्याने ती खरोखर ऐकली की नाही, यावर ती अवलंबून असते.

आता दुसऱ्या टोकाच्या मंडळींचाही समाचार घेतला पाहिजे, नाहीतर आमच्यावर पक्षपाताचा आरोप येईल. काही भाषाभिमानी गृहस्थ म्हणतात, की नियंत्रण कक्षातून हिंदीच का बोलू नये, आणि मुंबई-पुण्यास मराठी का बोलू नये? १९३४ चा विमान कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून 'भारतीय वायुयान अधिनियम' अमलात आला, मग वारंवारितेवरही भारतीय भाषा का नको? नियमाच्या अक्षराकडे पाहिले तर हा प्रश्न अगदीच हास्यास्पद नाही. आंतरराष्ट्रीय नियम असा आहे की जमिनीवरील केंद्र नेहमी जी भाषा वापरते ती किंवा इंग्रजी, यांत बोलावे. मात्र आंतरराष्ट्रीय मार्गांवर मागणी होताच इंग्रजी मिळालीच पाहिजे. कॅनडातील क्वेबेकमध्ये फ्रेंचच्या हक्कासाठी १९७६ साली मोठा संघर्ष झाला, वैमानिकांनी काम बंद पाडले, आणि पुढे चौकशी आयोगाने १९७९ साली दोन भाषांतील नियंत्रण सुरक्षित असू शकते असा निर्वाळा दिला. परंतु त्याच तागडीत दुसरेही वजन टाकले पाहिजे. २५ मे २००० रोजी पॅरिसच्या विमानतळावर रात्री फ्रेंच विमानाला उड्डाणाची परवानगी फ्रेंचमध्ये मिळाली आणि ब्रिटिश मालवाहू विमानाशी बोलणे इंग्रजीत चालले होते. एकाला काय सांगितले हे दुसऱ्याला कळले नाही. त्याच धावपट्टीवर टक्कर झाली आणि ब्रिटिश सहवैमानिक मेला.

रेडिओवर एक जण बोलतो आणि ऐकतात सगळे. शेजाऱ्याला काय सांगितले हे ऐकणे हीसुद्धा एक सुरक्षा आहे. ज्या आकाशात मलयाळी कप्तान, पंजाबी नियंत्रक आणि जपानी पाहुणा एकाच वेळी असतात, तेथे कामाची भाषा एकच असावी, आणि ती आज इंग्रजी आहे, हे निमूटपणे मान्य करावे. आपल्या भाषेचे प्रेम सिद्ध करण्यास नियंत्रण मनोऱ्यावर चढण्याची गरज नाही. शिवाय एकोणसाठ म्हणजे साठाच्या अलीकडचा आणि एकोणसत्तर म्हणजे सत्तराच्या अलीकडचा, हा हिशेब ज्या घरातल्या मुलांना सकाळी दूधवाल्याचे पैसे मोजताना येत नाही, त्या घराने आकाशात मराठी मागू नये. आधी स्वयंपाकघरात मागावी.

येथपर्यंत वाचकांच्या ध्यानी आले असेल की दोन्ही टोकांचे लोक एकाच ठिकाणी घसरतात. दोघांनाही एकच भाषा सर्व ठिकाणी हवी आहे : एकाला आकाशातली घरात आणायची आहे, दुसऱ्याला घरातली आकाशात न्यायची आहे. आकाशाचा नियम याच्या नेमका उलट आहे. जागा ठरलेली, त्या जागेची भाषा ठरलेली, आणि त्या जागी ती भाषा पूर्ण, नेमकी व उत्तरदायी असलीच पाहिजे. राकेश शर्मा यांनी एप्रिल १९८४ मध्ये अंतराळात जाण्यासाठी रशियन शिकून घेतली, कामकाज त्या भाषेत केले, आणि पंतप्रधान इंदिरा गांधींशी तेथून बोलले ते हिंदीत. कामाची भाषा आली म्हणून मनाची भाषा त्यांनी जमिनीवर टाकून दिली नव्हती.

आणि हे आपल्याला रशियाकडून शिकण्याचे कारण काय? ग्वाल्हेरच्या मराठी माणसाने तर ते दोनशे वर्षे आचरून दाखवले आहे. कृष्णराव शंकर पंडितांच्या घराण्यात ख्याल गायला गेला तो ब्रजभाषेतल्या बंदिशींचा, आणि घर मराठीच राहिले. बाड्यावरच्या दुकानात हिंदी, कचेरीत त्या त्या काळाची कचेरीची भाषा, देवापुढे संस्कृत आणि ताटावर मराठी, असा आपल्या आजी-आजोबांचा दिवस जात असे. त्यांना तीन-चार भाषा येत होत्या आणि प्रत्येक भाषा आपल्या जागी पूर्ण होती. मुंगावलीस जन्मलेले भास्कर रामचंद्र तांबे हिंदीच्या मुलुखातच वाढले आणि येथे राहून मराठीतले थोर कवी झाले. सभोवतालच्या हिंदीने त्यांची मराठी खाल्ली नाही, कारण घरात मराठीची जागा रिकामी नव्हती.

परत म्हणून दाखवण्याची जी शिस्त विमानविद्येने शेकडो मृत्यूंची किंमत मोजून कडक केली, तीही आपल्याला परकी नाही. तालमीत गुरू एक फिरत घेतो; शिष्य ती जशीच्या तशी परत घेतो; स्वर इकडचा तिकडे झाला तर गुरू तिथेच थांबवतो आणि पुन्हा घ्यायला लावतो. शिष्याने नुसती मान डोलावून भागत नाही. सरकारी सेवेत पुराच्या दिवसांत आमच्या नियंत्रण कक्षातही हाच रिवाज असे : वायरलेसवर आलेला संदेश लिहून घेणाऱ्याने तो पलीकडच्यास परत वाचून दाखवायचा, मगच नोंदवहीत चढवायचा. 'समजले, समजले' म्हणणारा कारकून पावसाळ्यात धोक्याचा, हे आम्ही पुरते जाणून होतो.

आता या कसोटीवर आपली घरे घासून पाहा. आजी मराठीत विचारते. नातू मोबाइलवरून मान न उचलता हिंदीत उत्तर देतो. आई मधेच इंग्रजीत रागावते. आणि कोणाचेच वाक्य पुरे होत नाही. "तो ड्रॉवर ओपन करके त्यातली ती वस्तू दे ना" असली वाक्ये आम्ही प्रतिष्ठित घरांतून ऐकली आहेत. 'ती वस्तू' म्हणजे कोणती? खलबत्ता की किसणी, उलथने की सांडशी? नाव ठाऊक नाही म्हणून 'ती वस्तू'. हा तीन भाषांचा संपन्न संसार नव्हे. ही तीन अर्ध्या भाषांची उधारी आहे. ज्या मुलाला एकाही भाषेत आपली भीती, आपली चूक, आपली निकड नेमक्या शब्दांत सांगता येत नाही, ते मूल पुढे कोणत्याही नियंत्रण कक्षात बसले तरी मोघमच बोलणार. न्यूयॉर्कच्या आकाशात जो नेमका शब्द उच्चारला गेला नाही, त्याची आठवण येथे ठेवावी.

शाळांविषयीही एक शब्द. काही शाळांतून पालकांना असे सुचवले जाते की घरी मातृभाषा बोलल्याने मुलाची इंग्रजी बिघडते. आम्ही या शहाण्यांना नम्रपणे विचारतो : जगातल्या सर्वांत कडक बोलण्याच्या परीक्षेला, जिथे एका शब्दावर शेकडो प्राण अवलंबून असतात तिथे, मातृभाषेचा ठसा चालतो, मग तुमच्या पाचवीच्या वर्गाला तो का चालत नाही? विमान कोसळण्याचा धोका त्यांना महाराजपुरापेक्षा आपल्या वर्गात अधिक दिसतो की काय?

आमची मागणी मोठी नाही. मुलांना इंग्रजी उत्तम शिकवा. इतकी उत्तम की सहाव्या पायरीच्या खाली ती थांबू नयेत. हिंदी तर या मातीची भाषा आहे, ती बाजारात आणि मैत्रीत आपोआप पूर्ण होते. तिचा सन्मान राखा. परंतु उंबऱ्याच्या आत, निदान जेवणाच्या पानावर, मराठी पूर्ण बोला. वाक्य अर्ध्यावर सोडू नका. वस्तूला तिच्या नावाने हाक मारा. आकडे मराठीत मोजा. मुलाने चुकीचे रूप वापरले तर हसू नका आणि सोडूनही देऊ नका. बरोबर रूप म्हणा आणि त्याच्याकडून परत म्हणवून घ्या, जसे नियंत्रक करतो, जसे गुरू करतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मूल बोलत असताना स्वतः ऐका. रेडिओचा पहिला नियम असा आहे की बोलण्यापूर्वी क्षणभर ऐकून घ्यावे, वारंवारितेवर दुसरे कोणी बोलत तर नाही ना. आपल्या घरांतली वारंवारिता गेल्या काही वर्षांत दूरचित्रवाणीने आणि मोबाइलने अडवून ठेवली आहे, आणि आजीचा आवाज त्या शिटीत बुडाला आहे.

आकाशाला आपल्याकडून काय हवे आहे, हे आता स्पष्ट व्हावे. त्याला स्पष्ट बोलणारा, लक्ष देऊन ऐकणारा आणि ऐकलेले परत म्हणून दाखवण्यात कमीपणा न मानणारा माणूस हवा आहे. आपल्या मुलाने मराठी विसरावे, अशी मागणी आकाशाने कधीही केलेली नाही. ती मागणी आपणच आपल्या आळसाच्या सोयीसाठी त्याच्या तोंडी घातली आहे. उद्या लष्करातल्या एखाद्या मराठी घरची मुलगी महाराजपुराच्या धावपट्टीवरून विमान उचलील, तेव्हा तिने नियंत्रकाशी नियमाबरहुकूम नेमक्या इंग्रजीत बोलावे. आणि उतरल्यावर आईला फोन करून, एकही शब्द उसना न घेता, सांगावे : "आई, सुखरूप पोचले." ही दोन्ही वाक्ये तिला पूर्ण येणे, यालाच आम्ही शिक्षण म्हणतो.